अमेरिकेतून जुना इलेक्ट्रिक फुटबॉल सेट आलाय, व्हिडिओत तर खेळाडू नुसते गोल गोल फिरताना दिसतात. मोठी माणसं हे खरंच छंद म्हणून खेळतात का?

हो, खेळतात, आणि त्यात मीही आलो. थरथरणाऱ्या पत्र्याच्या मैदानावर प्लास्टिकचे खेळाडू आपोआप सरकतात, असा हा अमेरिकन फुटबॉलचा खेळ. पण आधी प्लगचं बोलू, कारण तुम्ही खाली लिहिलंय की सेट मामेभावाने न्यू जर्सीहून बॅगेतून आणलाय, दोन चपट्या पिनांची वायर आहे, आणि "बाजारात वीस-पंचवीस रुपयांचा पिन बदलायचा अडॅप्टर मिळतो तो लावून चालू करू का" असं विचारलंय. अजिबात करू नका. तो अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. सेट १२० व्होल्टचा आहे, आपल्याकडे २३० येतात, आत एक साधी कॉइल असते ती थोड्याच वेळात जळून वास सुटेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे २३० चे १२० व्होल्ट करणारा, घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, सेटच्या लेबलवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट क्षमतेचा घेतलात तरी लहानसाच येईल. आणि घेताना आयसोलेटेड वाइंडिंगचाच मागा, म्हणजे ज्यात येणाऱ्या आणि जाणाऱ्या विजेची वेटोळी एकमेकांना जोडलेली नसतात, ती जोडलेली असतात तो ऑटो ट्रान्सफॉर्मर नको, कारण अख्खं मैदान पत्र्याचं आहे, अर्थिंग नाही, आणि खेळताना तुमचे दोन्ही हात त्या पत्र्यावरच असणार. जुनी वायर कडक होऊन तडकलेली असेल तर ती आधी बदलून घ्या, मगच घरातल्या पोरांना जवळ येऊ द्या.

अजून एक. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची, आणि ट्रान्सफॉर्मर ते बदलत नाही. या खेळात सगळा कारभारच त्या थरथरीवर चालतो त्यामुळे तुमच्याकडे बोर्ड जरा वेगळ्या लयीत थरथरेल, आवाजही खालच्या पट्टीतला येईल. बिघडलाय असं समजू नका. व्हायब्रेटरजवळ ॲडजस्ट करायचा स्क्रू किंवा नॉब असेल तो थोडा थोडा फिरवून जिथे खेळाडू न उड्या मारता पुढे सरकतात तिथे थांबा. लोकांना वाटतं जोरात थरथरलं की चांगलं, उलट आहे, जास्त जोर झाला की सगळे नाचतात आणि कोणीच कुठे जात नाही. कॉइल मध्येमध्ये हाताला गरम लागतेय का तेही बघत चला.

आता तुमचा खरा प्रश्न, की यात आहे काय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. पत्र्याचं मैदान, त्यावर अमेरिकन फुटबॉलच्या यार्डाच्या रेघा, खाली इलेक्ट्रोमॅग्नेट. प्रत्येक बाजूला ११ प्लास्टिकचे खेळाडू, प्रत्येक जण एका छोट्या बेसवर उभा, बेसच्या खाली मागे झुकलेले बारीक पाय. स्विच दाबला की पत्रा थरथरतो, पाय वाकतात आणि परत सरळ होताना बेसला पुढे ढकलतात. झालं, एवढंच मशीन आहे. न्यूयॉर्कच्या ट्यूडर कंपनीच्या नॉर्मन सॅसने १९४९ च्या सुमाराला हा खेळ बाजारात आणला, त्याच कंपनीचा थरथरणाऱ्या पत्र्यावरचा गाड्यांच्या रेसचा खेळ आधीपासून होता, ती आयडिया त्याने फुटबॉलला लावली. सॅस स्वतः एमआयटीत शिकलेला इंजिनियर. सुरुवातीचे खेळाडू चपटे होते, साठच्या दशकात ली पेन नावाच्या डिझायनरने त्यांना खरा अंगपिंडाचा आकार दिला, आणि १९६७ पासून ट्यूडरकडे एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या व्यावसायिक लीगचं, लायसन्स आलं तेव्हा खऱ्या टीमच्या रंगातले खेळाडू मिळायला लागले. इकडे अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात वाढलेल्या पुष्कळ पुरुषांच्या ख्रिसमसच्या आठवणीत हा बोर्ड असतो, आणि बहुतेकांची आठवण तुम्ही व्हिडिओत बघितलं तीच असते, की सगळे गोल गोल फिरायचे आणि क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन चाल सुरू करणारा, बॉल घेऊन उलट्या दिशेला पळायचा. नंतर व्हिडिओ गेम आले आणि हे बोर्ड माळ्यावर गेले. सॅस २०१२ मध्ये वारला, कंपनी मधल्या काळात हातोहात फिरली पण ट्यूडर नावाने सेट आजही मिळतात.

मी अमेरिकेत ओहायोत राहतो, ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या बेसमेंटमध्ये हे पहिल्यांदा बघितलं. त्याचे खेळाडू गोल फिरत नव्हते. लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेतले, सरळ जाऊन समोरच्याला भिडत होते, रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, बाहेरून वळसा घालून कडेने पळत होता. मी म्हटलं हे कसं काय, तर त्याने पक्कड काढून दाखवली.

तर उत्तर हे आहे, की हा खेळ स्विच दाबायच्या आधी खेळला जातो. स्विच दाबल्यावर तुम्ही प्रेक्षक. तुमच्या हातात जे आहे ते बेस तयार करणं आणि खेळाडू कुठे, कोणत्या तोंडाने उभा करायचा ते ठरवणं. म्हणूनच लहान मुलांना कंटाळा येतो आणि मोठ्यांना वेड लागतं. लहान मुलाला खेळाडू हलवायचा असतो, इथे हलवायला मिळतच नाही. तुम्ही कोच आहात, आणि कोचला मैदानात उतरता येत नाही.

गोल का फिरतात तर बेसचे पाय चारही सारखे नसतात. कारखान्यातून येतानाच नसतात, त्यात जुन्या सेटमध्ये खेळाडू वर्षानुवर्षं खोक्यात एकमेकांवर दाबून पडलेले, कोणाचे दोन पाय चपटे झालेले कोणाचा एक बाहेर फाकलेला. मग एका बाजूला जोर जास्त एका बाजूला कमी, की फिरला गोल. पण बेसला दोष द्यायच्या आधी बोर्ड बघा. कॅरम खेळताना आपण बोर्ड लेव्हलमध्ये आहे का बघतो ना तसंच. बेस एकेक करून मैदानाच्या मध्ये सोडा, सगळेच एका कोपऱ्याकडे ओढले जात असतील तर बोर्ड कलता आहे किंवा पत्र्याला पोक आलाय, पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून ठीक करा. प्रत्येक जण आपल्या मर्जीने वेगवेगळीकडे जात असेल तर दोष बेसचा.

बेस सुधारायची पद्धत अशी. खेळाडू काढून नुसता बेस घ्या. पाय फारच वेडेवाकडे असतील तर गरम पाण्यात थोडा वेळ धरा, प्लास्टिक मऊ पडतं, मग बोटांनी सरळ करून लगेच गार पाण्यात टाका. उकळत्या पाण्यात सोडून चहा प्यायला जाऊ नका, जुनं प्लास्टिक आहे. मग बारीक तोंडाची, दात नसलेली पक्कड, दागिने बनवणारे वापरतात तसली, ती घेऊन एकेका पायाला अगदी किंचित चिमटायचं आणि बोर्डवर यार्डाच्या रेघेच्या बाजूने सोडून बघायचं. परत चिमटायचं, परत सोडायचं. मी मनाशी असं धरतो की मागचे दोन पाय जोर देतात आणि पुढचे दोन दिशा ठरवतात. याला सगळे मान्य होतील असं नाही, या विषयावर दोन माणसं कधीच सहमत नसतात, पण सुरुवातीला एवढं धरून चालायला हरकत नाही. सरळ जायला लागला की खेळाडू वर बसवा आणि परत बघा, कारण वजनाने सगळं बदलतं, आणि खेळाडू एका पायावर पुढे झुकलेला असेल तर अजूनच.

सरळ जाणं ही फक्त पहिली पायरी. लाइनमनला वेग नको, ताकद हवी, त्याची परीक्षा म्हणजे दोन बेस समोरासमोर भिडवून स्विच चालू करायचा, कोण कोणाला मागे रेटतो ते बघायचं. जो जिंकला त्याला पुढच्याशी लावायचं. आमच्या घरी हा कुस्तीचा फड बघायला मुलगी पण येते, मॅचला येत नाही. रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, वेग हवा, आणि रनिंग बॅकला ठरलेलं वळण हवं, म्हणजे सरळ जाऊन डावीकडे मारणारा एक, उजवीकडचा एक, असे वेगवेगळे तयार करून ठेवायचे आणि चालीनुसार बदलायचे. नवीन सेटमध्ये टीटीसी नावाचे बेस येतात, खाली एक छोटी चकती असते ती फिरवून वळण सेट करता येतं. तुमच्या जुन्या सेटमध्ये ते नसणार, पण सुटे मिळतात, पुढच्या वेळी मामेभावाला आणायला सांगा, वजनाला काहीच नाही. कोणता बेस काय करतो ते खालून मार्करने नंबर टाकून वहीत लिहून ठेवा नाहीतर दोन दिवसांनी सगळे सारखेच दिसतात.

बॉल म्हणजे मऊ कापसासारखा इवलासा तुकडा, तो खेळाडूच्या काखेत खोचतात. बचाव करणाऱ्याचा बेस बॉलवाल्याला लागला की स्विच बंद, तिथे डाउन, म्हणजे एक प्रयत्न संपला. चार डाउनमध्ये दहा यार्ड काढायचे, खऱ्या खेळासारखंच. पास टाकायचा तर स्विच थांबवून स्प्रिंगच्या हाताचा एक खास क्वार्टरबॅक असतो त्याने बॉल उडवायचा, तो रिसीव्हरला लागला तर पास पूर्ण. हे जमायला भयंकर अवघड आहे आणि बॉल सोफ्याखाली जातात ते कायमचे. बऱ्याच ठिकाणी म्हणून त्याऐवजी पट्टी ठेवून अंतर आणि दिशा बघून पास ठरवतात. मला ते पटत नाही, उडवण्यात जी मजा आहे ती पट्टीत नाही, पण मॅच लवकर संपते हे खरं.

आता रंगकाम, ज्यासाठी अर्धे लोक यात येतात. इथे माझं एकच कळकळीचं सांगणं आहे, तुमच्या सेटमधल्या जुन्या रंगवलेल्या खेळाडूंना हात लावू नका. एनएफएलच्या रंगातले जुने खेळाडू धडधाकट असतील तर ते जमवणारे लोक आहेत, तुम्ही वरून ॲक्रिलिक फासलं की त्यांची किंमत गेली. रंगवायला कोरे खेळाडू वेगळे मिळतात, वेगवेगळ्या पोजचे, ते घ्या. साबणाच्या पाण्याने धुवा म्हणजे साच्याचं तेल जातं, मग प्रायमरचा पातळ हात, मग साधे ॲक्रिलिक रंग, आपल्या स्टेशनरीच्या दुकानातले चालतात. पातळ दोन-तीन हात द्या, जाड एक नको, नाहीतर चेहऱ्याचे नाकडोळे बुजून जातात. ब्रश शून्य नंबरचा किंवा त्याहून बारीक. आधी कातडीचा रंग, मग पँट, मग जर्सी, हेल्मेट शेवटी. जर्सीचे नंबर हाताने काढायच्या भानगडीत पडू नका, पाण्यात भिजवून सरकवायचे डेकल असतात, त्याचा कोरा कागद आणून घरच्या प्रिंटरवर छापताही येतात, फक्त इंकजेटवर छापलं असेल तर भिजवायच्या आधी वर क्लिअर स्प्रे मारा नाहीतर शाई वाहून जाईल, आणि पांढरा नंबर प्रिंटरवर येत नाही हे लक्षात ठेवा. सगळ्यात शेवटी मॅट वॉर्निश. पोज बदलायची असेल तर हात कापून वेगळ्या कोनात चिकटवतात आणि फट एपॉक्सी पुटीने भरतात, आपलं एम-सील त्याला उत्तम.

हे सगळं लावलं की वजन वाढतं हे मात्र विसरू नका. इकडच्या लीगमध्ये बेससकट खेळाडूच्या वजनाला मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी ४ ग्रॅम, आणि मॅचच्या आधी काट्यावर ठेवून बघतात. सोनाराच्या असतात तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर चालतं. लाइनमनचं वजन मर्यादेच्या अगदी जवळ न्यायचं, रिसीव्हर हलका ठेवायचा, ही सगळी हिशोबाची गंमत आहे. घरी खेळताना मर्यादा तुम्हीच ठरवा पण ठरवा, नाहीतर समोरचा शिसं भरून आणेल.

मी रंगवलेली एक टीम पुणे मराठाज नावाची आहे. भारतात २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग झाली होती, अमेरिकन फुटबॉलची, त्यात या नावाची टीम खरंच होती. माझ्या टीमचे रंग मात्र माझ्या मनाचे, भगवं हेल्मेट आणि पांढरी पँट. इथले लोक विचारतात ही कुठली कॉलेज टीम, मी सांगतो.

तुम्ही पुण्यात आहात म्हणताय तर खेळायला माणूस मिळणं हीच मोठी अडचण. एकट्याने खेळता येतं, दोन्ही बाजू स्वतः लावायच्या, बरेच लोक असा अख्खा सीझन घरी खेळतात आणि वहीत स्कोअर ठेवतात. दुसरा भिडू शोधायचा तर फुटबॉलवाला शोधू नका, मॉडेल बनवणारा, छोटे सैनिक रंगवणारा, किंवा रिमोटवरची गाडी खोलून बसणारा असा कोणीतरी शोधा, नियम अर्ध्या तासात शिकवता येतात पण पक्कड घेऊन बसायचा पेशन्स शिकवता येत नाही. आणि पहिल्याच दिवशी ११ विरुद्ध ११ लावू नका. पाच-पाच घ्या, तीन लाइनमन, एक क्वार्टरबॅक, एक रनिंग बॅक, बचावाला पण पाच. पास नाही, किक नाही, नुसतं पळणं. बोर्डखाली जाड फोम किंवा जुनी सतरंजी घाला, आवाज बराच कमी होतो, दुपारी खालच्या मजल्यावरचे झोपलेले असतात.