रायझन ५ २६०० ओव्हरक्लॉक करावा की नवा प्रोसेसर घ्यावा?

तुमच्याकडे रायझन ५ २६०० हा प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड आहे, गेम मध्येच अडखळतात, आणि सोबत आलेल्या कूलरवरच ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने, ४.० गिगाहर्ट्झवर चालवून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर ओव्हरक्लॉकच्या मागे लागू नका. बोर्ड तोच ठेवा, प्रोसेसर बदला. पण दुखणं प्रोसेसरचंच आहे ना, हे आधी बघून घ्या.

व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट (दर सेकंदाच्या फ्रेम्सवर, म्हणजे एफपीएसवर, मर्यादा घालणाऱ्या सेटिंग्ज) बंद करा, आफ्टरबर्नर हे कार्डावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लावा आणि गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर बघा. तो ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्डच कमी पडतंय, नवा प्रोसेसर घेऊन फरक पडणार नाही. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि रिझोल्यूशन उतरवूनही एफपीएस हलत नाहीत, तर मात्र प्रोसेसरच अडतोय.

२६०० चा बूस्ट, म्हणजे गरजेला आपोआप वाढणारा वेग, तसाही ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. सगळे कोर कामाला लागले की खाली येतो. समजा ३.७ चे ४.० केलेत, तर वाढ झाली आठ टक्के. त्यासाठी व्होल्टेज चढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ती सगळी उष्णता त्या छोट्या कूलरने बाहेर टाकायची. एवढा खटाटोप करून अडखळणं जाईलच असंही नाही.

कारण या चिपची खरी अडचण वेगळी आहे. तिचे सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत, प्रत्येक गटाला ८ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच वेगवान मेमरी). एका गटातला डेटा दुसऱ्याला हवा असला की तो इन्फिनिटी फॅब्रिक या चिपमधल्या जोडमार्गावरून जातो, आणि त्याचा वेग रॅमच्या वेगाला बांधलेला असतो. म्हणून आजच टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालताना मी पुष्कळदा पाहिली आहे, केवळ बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू नसतं म्हणून. ते चालू करा. ३२०० वर मशीन डळमळलं तर २९३३ ठेवा, तेवढा वेग २६०० ला अधिकृतपणे चालतो.

त्याने भागलं नाही तर रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर घ्या. त्यात सहाही कोर एकाच गटात आहेत, ३२ एमबी एल३ सगळ्यांना मिळून, आणि टीडीपी (किती उष्णता धरून कूलर निवडायचा तो आकडा) तोच ६५ वॉट. रायझन ७ ५८००एक्स३डी गेमसाठी त्याहून सरस, पण त्याला कूलर दमदार लागतो.

बदलताना घाई नको. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायॉस अपडेट करा, आणि त्या वेळी वीज जाणार नाही याची खात्री असू द्या. कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून, प्लग काढून, स्क्रू सोडवून कूलर हलके डावीउजवीकडे फिरवत सुटा करा. सरळ वर ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत येऊ शकतो आणि पिना वाकू शकतात. बायॉस अपडेटने जुन्या सेटिंग्ज बहुधा पुसल्या जातात, तेव्हा एक्सएमपी पुन्हा चालू करायला विसरू नका.