रात्री डॉक्टरांना उठवायचं तर नेमकं काय बोलायचं?

प्रश्न : ताई, मी जीएनएम (नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स) झालेय, तालुक्याच्या गावी ४० बेडच्या प्रायव्हेट हॉस्पिटलात दीड वर्ष आहे. मागच्या महिन्यात माझ्या नाईटला एक बाई होत्या, दुपारी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं. रात्री दोनला मला त्या ठीक वाटेनात, घाम येत होता, दम लागल्यासारखं करत होत्या. आरएमओ सरांना, म्हणजे रात्रपाळीच्या ड्युटी डॉक्टरांना, फोन केला की सर सात नंबरला बरं वाटत नाहीये, अस्वस्थ आहेत. ते म्हणाले पॅन (ॲसिडिटीचं औषध) दे, सकाळी बघू. मी दिलं. सकाळी बीपी लागेना, पळापळ करून मोठ्या शहरात शिफ्ट केलं, वाचल्या. पण राउंडला मोठे सर सगळ्यांसमोर म्हणाले तू वेळेवर सांगितलंच नाहीस, आणि आरएमओ सर गप्प उभे होते. तेव्हापासून नाईटला जायचंच नको वाटतं. माझं काय चुकलं?
– एक सिस्टर, सोलापूर जिल्हा

उत्तर : अगं, पेशंट बिघडतोय हे तुला रात्री दोनलाच कळलं होतं, ही गोष्ट आधी पक्की धर. कळलेलं पुढे पोचलं नाही, तिथे गाडी अडकली. आणि ते तुला कोणी शिकवलंच नाही, तीन वर्षांच्या कोर्समध्ये आपण बेड मेकिंगची प्रॅक्टिकल देतो पण डॉक्टरांना फोन कसा करायचा याची कोणी घेत नाही. मी नवीन असताना एका आजोबांबद्दल असंच म्हटलं होतं, 'सर ते जरा कसेतरी दिसतायत'. ते आजोबा पहाटे गेले. त्यांचा बेड नंबर मला अजून आठवतो.

'बरं वाटत नाहीये' हे तर नातेवाईक पण सांगतात. झोपेतून उठलेल्या माणसाच्या कानावर आधी आकडा पडला पाहिजे. एसबार नावाची एक पद्धत आहे, मूळची अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची, तिथून कोलोरॅडोत कैसर परमनेंटेच्या लोकांनी ती हॉस्पिटलात आणली. चारच गोष्टी : आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. म्हणजे तुझा फोन असा झाला असता : "सर, फिमेल वॉर्डची नाईट सिस्टर बोलतेय, बेड सात, श्वास मिनिटाला २८ झालाय, दहा वाजता १८ होता, पल्स १२४, बीपी ९६/६०, सॅच्युरेशन ९१. दुपारी अपेंडिक्स झालंय, सहा तासांत युरिन फक्त ८० एमएल. मला आतून ब्लीडिंग किंवा सेप्सिसची (अंगभर पसरलेल्या इन्फेक्शनची) भीती वाटतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा, आणि तोवर ऑक्सिजन लावू का?" अर्ध्या मिनिटात होतं. आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुझ्या पेशंटचे तुला माहीत.

शेवटचं वाक्य आपल्या मुली गाळतात, सरांना 'या' कसं म्हणायचं असं वाटतं. ते म्हणायचंच. निदान करणं आणि ऑर्डर देणं डॉक्टरांचं काम, पण पेशंट बिघडतोय हे ओळखणं आणि बोलावणं हे आपलं काम आहे, त्यात आगाऊपणा काही नाही.

आणि श्वास मोजत जा, खरंच पूर्ण मिनिट. आपल्याकडे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला असतो आणि बिघाड बऱ्याचदा तिथेच आधी दिसतो. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये पेशंट किती बिघडलाय हे मार्कांत मोजणारा न्यूज नावाचा स्कोर काढला, २०१७ ला सुधारला, त्यात श्वास २५ किंवा वर गेला की एकट्या त्याचेच ३ मार्क पडतात आणि एकूण ७ झाले की इमर्जन्सी धरतात. वरच्या आकड्यांचे मांडून बघ, १० होतात. १० म्हटल्यावर सकाळपर्यंत थांबता येत नाही, हे आरएमओला पण मग कागदावरच दिसतं.

आरएमओंचं पण सांगते. छोट्या हॉस्पिटलात बऱ्याचदा त्यांना पण मोठ्या सरांना उठवायची भीतीच असते, तू त्यांना घाबरतेस, ते वर घाबरतात, आणि पेशंट मध्ये राहतो. म्हणून मेट्रन किंवा इन्चार्ज सिस्टरना घेऊन मोठ्या सरांकडे जा, दुपारी शांत वेळी, भांडायला नाही, आणि एक कागद मागून घे : श्वास २५ किंवा वर, वरचं बीपी ९० किंवा खाली, सॅच्युरेशन ९१ किंवा खाली, यातलं काहीही झालं आणि आरएमओ दहा मिनिटांत आले नाहीत तर सिस्टरने थेट सरांना फोन करायचा. त्यांची सही घेऊन तो स्टेशनवर चिकटवा. राउंडला सगळ्यांसमोर बोलले ते चुकीचंच केलं त्यांनी, हे पण मेट्रननी त्यांना सांगितलं पाहिजे, तुला एकटीला सांगता येणार नाही मला माहितेय.

नोंदीचं राहिलं. किती वाजता फोन केला, कोणाला, काय सांगितलं, काय उत्तर आलं, हे नर्सेस नोट्समध्ये त्याच वेळी लिहायचं, सकाळी आठवून नाही. फोनवर ऑर्डर घेतली की लिहून परत वाचून दाखवायची आणि हो म्हणवून घ्यायचं, फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं, तिथे वन फाइव्ह, फाइव्ह झिरो असं फोडून म्हणायचं. सकाळी त्यावर डॉक्टरांची सही घ्यायची.

प्रश्न : माझी आई बारा दिवस सरकारी दवाखान्यात होती. कोण सिस्टर, कोण शिकाऊ, कोण मावशी काही कळत नव्हतं. प्रत्येक जण म्हणायचं 'त्यांना विचारा'. सलाईन संपलं की कोणाला हाक मारायची हेच समजेना.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा त्रास खरा आहे, पांढरे कपडे दिसले की आपण सगळ्यांनाच सिस्टर म्हणतो. त्यात विद्यार्थिनी असतात, दोन वर्षांच्या एएनएम, तीन वर्षांच्या जीएनएम, चार वर्षांच्या बीएस्सी, आणि ब्रदर पण असतात. तुम्ही एकच करा, पहिल्याच दिवशी विचारा, 'या पाळीला आमच्या बेडला कोण सिस्टर?' औषध, इंजेक्शन, सलाईन, नळी, दुखणं सगळं त्यांना सांगायचं. सलाईनचं चाक स्वतः फिरवू नका, मावशींना पण फिरवायला लावू नका. बेडपॅन, चादर, व्हीलचेअर मावशी-मामांकडे. रिपोर्टचा अर्थ आणि पुढे काय करायचं हे डॉक्टरांना विचारा, त्यासाठी घरातला एकच माणूस ठरवा म्हणजे पाच जणांना पाच उत्तरं मिळत नाहीत.

पण मावशींना कमी लेखू नका हां. आमच्या वॉर्डात एका मावशींनी बेडपॅन नेताना येऊन सांगितलं होतं, 'सिस्टर, बाबांची शी डांबरासारखी झालीय.' पोटात रक्तस्राव होत होता, आणि तो तिने सगळ्यात आधी पकडला, केसपेपरवर काहीच नव्हतं.

सिस्टर चिडून बोलल्या असतील तर ते बरोबर नाही. पण नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण साध्या हॉस्पिटलात ५ पेशंटमागे १ नर्स, शिकवणीच्या हॉस्पिटलात ३ मागे १ असं आहे, आणि रात्री वॉर्डात किती जणी होत्या हे तुम्ही स्वतः मोजलंच असेल. तक्रार लिहाल तेव्हा हा आकडा पण लिहा, आमच्यापेक्षा तुमच्या सहीला जास्त किंमत असते.

प्रश्न : नवीन इन्चार्ज सिस्टर प्रत्येक बेडपाशी उभं राहून ओव्हर (पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती) द्यायला लावतात. स्टेशनवर रजिस्टर बघून दहा मिनिटांत व्हायचं. आता माझी बस चुकते.
– एक स्टाफ नर्स, विदर्भ

उत्तर : त्या इन्चार्जच्या बाजूने आहे मी. रजिस्टरमध्ये 'बॅक केअर दिलं' लिहिलेलं असतं, पाठ बेडपाशीच दिसते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या सिस्टर्सनी तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांना, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून, १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, आपली एक सिस्टर म्हणून. त्यांना एकही बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झाला नव्हता हे सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालात नोंदवलेलं आहे. तेव्हा ३७ वर्षं झाली होती, किती बॅचेस रिटायर झाल्या असतील मधे, आणि दर पाळीला कोणीतरी पुढचीला सांगून गेलं असणार, ही कूस बदलली, आता ती बदल.

बसचं पण खरंय, घरी लेकरं वाट बघतात. तर बेडपाशीच घ्या, पण सगळ्यांचं सगळं वाचू नका, सिरीयस पेशंट आणि आजचे ऑपरेशनवाले आधी, त्यांच्या नळ्या, ड्रेसिंग, चालू सलाईन दोघींनी डोळ्यांनी बघायचं, बाकीच्यांचं जे बदललं तेवढंच. आणि दोन पाळ्या १५ मिनिटं एकमेकींवर येतील असं ड्युटीपत्रक करून मागा, एकटीने नको, सगळ्याजणींच्या सह्या घेऊन मागा.