वाचकांचे प्रश्न : अ‍ॅनिमेशनची मूलतत्त्वे पुस्तकातून शिकताना

प्रश्न : अ‍ॅनिमेशन शिकवणारे एक पुस्तक घेऊन मी स्वतःच अभ्यास सुरू केला आहे. बारा तत्त्वांचे प्रकरण वाचून झाले आणि तत्त्वे तोंडपाठही झाली. तरीही उसळत्या चेंडूचा पहिलाच सराव फसला. चेंडू पडत नाही, नुसता खाली सरकतो. केवळ पुस्तकावरून ही कला शिकता येते का?

उत्तर : शिकता येते. आपल्या वर्णनावरून असे वाटते, की आपली अडचण वाचनाच्या क्रमात आहे. बारा तत्त्वांची आज रूढ असलेली यादी फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्ने स्टुडिओतील दोन ज्येष्ठ अ‍ॅनिमेटरांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे सर्वांपर्यंत पोहोचली. स्टुडिओतल्या चित्रकारांना १९३० च्या दशकापासून काम करता करता जे उमगत गेले, त्याची ती नोंद आहे. नवशिक्याने कोणती पायरी आधी चढावी, हे सांगण्यासाठी ती केलेली नाही. त्या यादीत स्क्वॅश अँड स्ट्रेच, म्हणजे दबणे आणि ताणले जाणे, हे तत्त्व पहिले येते आणि टायमिंग नववे. त्यामुळे विद्यार्थी चेंडू चपटा करण्याच्या मागे लागतो आणि तो किती वेळात, किती अंतर कापत पडतो, हा मूळ प्रश्न मागे राहतो. माझ्या मते टायमिंग, गती हळूहळू वाढणे व मंदावणे आणि वक्र मार्ग ही तीन तत्त्वे आधी हातात बसवावीत. बाकीची त्यांच्या आधाराने उभी राहतात.

आपला चेंडू सरकतो, कारण बहुधा आपण सर्व चित्रांमध्ये सारखे अंतर ठेवले आहे. टायमिंग आणि स्पेसिंग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एखादी हालचाल एकूण किती फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या किती स्थिर चौकटींमध्ये, पुरी होते, ते टायमिंग; त्या फ्रेममध्ये वस्तू दर वेळी किती पुढे जाते, ते स्पेसिंग. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम दाखवले, तर सेकंदाला १२ चित्रे लागतात. आता कागदावर चेंडूचा तळ जमिनीपासून १८ सेंटिमीटर उंचीवर घ्या आणि त्याला अर्ध्या सेकंदात खाली आणायचे ठरवा. सुरुवातीचे चित्र सोडून सहा चित्रे होतील. पडणारी वस्तू समान कालखंडांत १, ३, ५, ७, ९, ११ या प्रमाणात अंतर कापते. त्यामुळे चेंडू पहिल्या चित्रात अर्धा सेंटिमीटर, दुसऱ्यात दीड, तिसऱ्यात अडीच, असे करत सहाव्यात साडेपाच सेंटिमीटर खाली येईल. या सर्वांची बेरीज बरोबर १८ भरते. पट्टी घेऊन एवढ्या खुणा करा आणि त्यांवर साधी वर्तुळे काढून चित्रे चालवून पाहा. चेंडू अजिबात न दाबताही पडू लागेल.

उसळी घेताना हीच अंतरे उलट क्रमाने येतात. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या हातून निसटते. दुसरी उसळी निम्म्या उंचीची, म्हणजे ९ सेंटिमीटरची असेल, तर तिला वर जायला लागणारा वेळ निम्मा होत नाही. तो पहिल्याच्या सुमारे सात-दशांश होतो. बारा फ्रेमच्या जागी साधारण आठ किंवा नऊ फ्रेम धराव्यात. सहा फ्रेममध्ये उरकल्यास चेंडू कोणीतरी ढकलल्यासारखा झटकन वर जातो, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी ते खटकते.

एवढे साधल्यावर स्क्वॅश अँड स्ट्रेच घ्या. चेंडू जमिनीला टेकलेल्या चित्रातच चपटा करा आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या चित्रांत तो मार्गाच्या दिशेने थोडा लांबवा. जितका तो बसका होईल तितका रुंद व्हायला हवा, नाहीतर त्याचे आकारमानच कमी झाल्यासारखे वाटते. लोखंडी गोळा काढायचा असेल, तर मात्र हे तत्त्व बाजूला ठेवावे लागते. ते कोठे वापरू नये, हे कळणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

पुस्तक वाचण्याच्या पद्धतीविषयी एक आग्रहाची सूचना. अशा पुस्तकांत चित्रांच्या कडेला शिडीसारखी आडव्या रेघांची एक पट्टी असते. तिला टायमिंग चार्ट म्हणतात. कोणत्या दोन मुख्य चित्रांमध्ये मधली चित्रे कोठे बसतात, हे ती सांगते. विद्यार्थी सुंदर आकृती उतरवून घेतात आणि ही पट्टी सोडून देतात. वास्तविक धडा त्या पट्टीतच असतो. मान वळवण्याचे उदाहरण घ्या. डावीकडचे आणि उजवीकडचे डोके यांच्या बरोबर मध्ये, त्याच उंचीवर मधले चित्र काढले, तर चेहरा काचेवरून घसरल्यासारखा दिसतो. तेच चित्र किंचित खाली घेतले, त्यात डोळे मिटवले आणि ते मधोमध न ठेवता एका टोकाकडे झुकवले, की माणूस खरोखर मान वळवतो. पुस्तकातल्या अशा एकेका पानासाठी दोन्ही प्रकार स्वतः काढून शेजारी शेजारी चालवून पाहा. तत्त्व पाठ करण्यापेक्षा ते मोडल्यावर काय बिघडते, हे डोळ्यांनी पाहणे कितीतरी अधिक उपयोगी पडते.

प्रश्न : माझे पुस्तक कागदावरच्या अ‍ॅनिमेशनचे आहे आणि मी संगणकावर त्रिमितीय काम करते. ते मला उपयोगी पडेल का?

उत्तर : नक्कीच पडेल. पिक्सार स्टुडिओतील अ‍ॅनिमेटर जॉन लॅसेटर यांनी १९८७ साली संगणकीय चित्रणाविषयीच्या सिग्राफ परिषदेत मांडलेल्या निबंधाचा विषयच पारंपरिक तत्त्वे त्रिमितीय संगणकीय अ‍ॅनिमेशनला कशी लावावीत, हा होता. फरक इतकाच, की कागदावर मधली चित्रे आपण काढतो आणि संगणकावर ती प्रोग्रॅम भरतो. शिवाय काही वेगळे न सांगितल्यास ब्लेंडरसारखा प्रोग्रॅम दोन्ही टोकांना गती मंद करतो. त्यामुळे चेंडू जमिनीजवळ येताना वेग वाढवण्याऐवजी कमी करतो आणि मऊ गादीत उतरल्यासारखा भासतो. हालचाल आलेखाच्या रूपात दाखवणारा ग्राफ एडिटर उघडून उंचीची रेषा पाहा. शिखरावर ती गोलाकार असावी आणि जमिनीला टेकते तेथे तिला टोकदार कोन असावा. तो कोन मिळवण्यासाठी त्या की-फ्रेमच्या, म्हणजे आपण स्वतः ठरवलेल्या मुख्य स्थितीच्या, दोन्ही बाजूंचे हँडल, म्हणजे रेषेला वळण देणाऱ्या दांड्या, एकमेकांपासून सोडवावे लागतात. पुस्तकातल्या टायमिंग चार्टची आणि या रेषेची सांगड एकदा बसली, की कागदावरचा प्रत्येक धडा आपल्याला संगणकावर उतरवता येईल.

प्रश्न : माझे रेखाटन कच्चे आहे. आधी चित्रकला पक्की करू की अ‍ॅनिमेशन सुरू करू?

उत्तर : दोन्ही एकत्र चालू द्या. व्यक्तिरेखा रंगवायची तर भक्कम रेखाटन लागतेच, त्याला पर्याय नाही. पण चेंडू, लंबक आणि त्यानंतर पिठाचे अर्धे भरलेले पोते एवढ्या साहित्यावर बहुतेक तत्त्वांचा सराव होऊ शकतो. पोत्याला हातपाय नसतात, चेहरा नसतो, तरी त्याला उडी मारायला लावताना आधीचे दबणे, वजन आणि मागून येणारी कोपऱ्यांची हालचाल हे सगळे साधावे लागते. माणसाची चाल काड्यांच्या आकृतीवर करा. एका पावलाला १२ फ्रेम धरा आणि आधी पाय टेकल्याची दोन चित्रे काढा. मग एक पाय दुसऱ्याला ओलांडतो ते मधले चित्र काढा. टेकल्यानंतर लगेच शरीर सर्वांत खाली जाते आणि ओलांडून झाल्यावर सर्वांत वर येते, ती दोन चित्रे शेवटी घाला. ही पाच चित्रे चालवून पाहिल्याशिवाय हातांच्या हालचालीला सुरुवात करू नका.