कैलास ‘बिल्ट’ नव्हे

वेरूळसाठी इंग्रजीत माहितीपत्रक लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: आपण ज्याला सरसकट ‘शिल्प’ म्हणतो, त्याला इंग्रजीत स्कल्प्चर, कार्व्हिंग, स्टॅच्यू, रिलीफ असे इतके शब्द. मग रावण कैलास हलवतोय, त्या शिल्पाला काय म्हणायचं?

रिलीफ म्हणा, त्यातही हाय रिलीफ. मूर्ती मागच्या कातळाला धरून असेल तर तिला स्टॅच्यू म्हणणं मला पटत नाही. स्टॅच्यूला प्रदक्षिणा घालता आली पाहिजे. कैलास लेण्याच्या, म्हणजे त्या कोरीव देवळाच्या, अंगणातला हत्ती चहूबाजूंनी मोकळा आहे, तो ‘इन द राउंड’. पाय खडकातच असले तरी चालतं. जेमतेम वर आलेलं काम म्हणजे बास-रिलीफ. त्यातला ‘बास’ फ्रेंच, उच्चार ‘बा’, अर्थ ठेंगणा. रिलीफला आपल्याकडे ‘उठाव’ म्हणतात, आणि त्याचं लॅटिन मूळही ‘वर उचलणं’ हेच. 1972च्या दुष्काळात खडी फोडायची जी कामं निघाली, त्यांना सरकारी इंग्रजीत रिलीफ वर्क म्हणत. तोही हाच शब्द, फक्त तिथे उचलायचा तो लोकांवरचा भार.

कार्व्हिंग म्हणजे नको ते काढून टाकणं, मग दगड असो, लाकूड असो की हस्तिदंत. स्कल्प्चरचं पोट मोठं: मातीचं, ओतीव धातूचं, सगळं त्यात मावतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी सापडलेली हस्तिदंती बाहुली कार्व्हिंगही आहे आणि स्कल्प्चरही. पण त्याच तेरच्या, साच्यातून काढलेल्या मातीच्या मूर्तींना कार्व्हिंग म्हणता येणार नाही. गंमत अशी, की स्कल्प्चर ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ मुळात कोरणं एवढाच होता. शंका आली तर स्कल्प्चर लिहून मोकळं व्हावं.

एन्ग्रेव्हिंग मात्र कैलासाला लावू नका. ते रेघांचं आणि अक्षरांचं काम, जसं ताम्रपटावरचं. राष्ट्रकूट राजघराण्याच्या गुजरात शाखेतल्या कर्क राजाच्या, 812च्या सुमाराच्या ताम्रपटात एलापूरच्या म्हणजे वेरूळच्या या देवळाचं वर्णन आहे: करणारा कारागीरच थक्क झाला, की हे माझ्या हातून झालं कसं! देऊळ कार्व्ह्ड, त्याची ही तारीफ एन्ग्रेव्ह्ड.

आता न विचारलेलं एक. लेण्यांबद्दलच्या इंग्रजी पुस्तकांत ‘आठव्या शतकात एक्सकॅव्हेटेड’ असं सर्रास असतं. अभ्यासकांना ते कळतं. पण नवख्या पाहुण्याला वाटतं, लेणी मातीत गाडली गेली होती नि कुणीतरी उकरून काढली. आणि ‘बिल्ट’ तर साफ चूक. राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात हा डोंगर वरून खाली कोरत आणला, दगडावर दगड रचला नाही. ‘रॉक-कट’ लिहा, किंवा सरळ ‘कार्व्ह्ड फ्रॉम द हिल’.