आजोबांचा चष्मा

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला स्वमग्नता आहे. तो नीट बोलतो, वाचतो. परवा मी टेबलावरचा आजोबांचा चष्मा फ्रिजवर ठेवला, तेव्हा तो शेजारीच उभा होता. आजोबा फिरून आले आणि टेबलावर चष्मा शोधू लागले, तर हा चिडून ओरडला, “फ्रिजवर आहे ना!” आजोबांना ते ठाऊक नाही, हे त्याला उमगतच नाही. त्याला दुसऱ्याविषयी काही वाटत नाही, असे समजायचे का?
– एक आई

उत्तर : नाही, असे मुळीच समजू नका. समोरच्याला काय माहीत आहे हे ओळखणे निराळे आणि त्याच्याविषयी माया असणे निराळे. चिडून का होईना, चष्मा कुठे आहे हे आपल्या मुलाने आजोबांना सांगितलेच.

सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या चष्म्याच्या प्रसंगासारखाच आहे. सॅली ही बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, तिच्यामागे ॲन ही दुसरी बाहुली ती गोटी खोक्यात लपवते. परतल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल, असे मुलांना विचारले गेले. २० पैकी १६ स्वमग्न मुलांनी गोटी खरोखर होती तीच जागा दाखवली. डाऊन सिंड्रोम (जन्मतः असणारी, बौद्धिक वाढ मंद करणारी स्थिती) असलेल्या १४ पैकी १२ मुलांनी मात्र टोपलीच दाखवली, म्हणजे बरोबर उत्तर दिले, आणि भाषेची समज तर त्यांची कमी होती. म्हणजे हा प्रश्न एकंदर बुद्धीचा नव्हता.

तरीही भाषेचा हात येथे मोठा आहे. इतर मुले ही कोडी साधारण चार-पाच वर्षांची असताना सोडवू लागतात; स्वमग्न मुलांपैकी अनेकांना ती पुढे, भाषा चांगली पक्की झाल्यावर सुटतात. ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या कर्णबधिर मुलांनाही हे उशिरा जमते, पण ज्यांचे आईवडील स्वतः कर्णबधिर असून घरात खुणांच्या भाषेत बोलतात, त्या मुलांना असा उशीर होत नाही. मनातल्या गोष्टींबद्दल घरात किती बोलणे होते, याला म्हणूनच मी फार महत्त्व देते.

तेव्हा प्रसंग घडत असतानाच शांतपणे सांगा : “तू इथे होतास, म्हणून तुला दिसले. आजोबा बाहेर होते. त्यांना वाटते आहे की चष्मा टेबलावरच आहे.” बाहुल्यांची कोडी घोकून घेऊ नका, कारण शिकवल्यावर ती सुटू लागली तरी रोजच्या बोलण्यात फरक पडतोच असे नाही.

आणि वाट दोन्ही बाजूंनी चालायची आहे. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की, स्वमग्न व्यक्तींचे मन इतरांनाही तितकेच कळत नाही. शाळेतली एखादी गोष्ट तो सांगत नसेल, तर ती आपल्याला ठाऊकच आहे असे त्याला वाटत असण्याचा संभव आहे. “मी शाळेत नव्हते, मला दिसले नाही, तू सांग,” असे म्हणून पाहा, आणि उत्तराला वेळ लागला तर थांबा.