ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात विद्यार्थी-कर्मचाऱ्यांची टीबी तपासणी घ्यायची आहे. सगळ्यांचा बेडका तपासायचा का?

नाही. ज्याला खोकलाच नाही तो डबीत लाळ देईल. आधी प्रत्येकाला विचारा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, रात्री घाम, वजनात घट, बेडक्यात रक्त, घरात किंवा हॉस्टेलच्या खोलीत कुणाला टीबी? एका जरी प्रश्नाला 'हो' आलं तर छातीचा एक्स-रे काढा आणि बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला (टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या मशीनवरच्या चाचण्या) पाठवा. मधुमेह असलेल्यांचा आणि पूर्वी टीबी झालेल्यांचा एक्स-रे लक्षणं नसली तरी काढावा. कॅन्टीन, सफाई, सुरक्षा इथली कंत्राटी माणसं यादीतून हमखास सुटतात, त्यांना आवर्जून घ्या. महापालिकेच्या आरोग्य केंद्राला आधीच पत्र द्या. सरकारी कार्यक्रमात बेडका तपासणी मोफत होते.

खरा घोळ नमुन्यात होतो. साध्या पाण्याने चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचं. घट्ट बेडका 2 ते 5 मिली हवा. पातळ, फेसाळ असेल तर पुन्हा घ्या. एक नमुना तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्या उठल्या. जागा मोकळी, इतरांपासून लांब. वर्गात किंवा टॉयलेटमध्ये अजिबात नाही. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात.

टीबीची त्वचेची चाचणी (कातडीखाली सुई देऊन करतात ती) पॉझिटिव्ह आली म्हणजे जंतूंचा संसर्ग, आजार नव्हे. एवढ्यावरून कुणाला घरी बसवू नका.

आणि निदान झालेल्याचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं, तर पुढच्या वेळी कुणीही खोकला कबूल करणार नाही. अडलं तर सरकारची टीबीसाठीची निक्षय हेल्पलाइन 1800-11-6666.