पीएचपी अपग्रेड कधी करायचं? आवृत्तीची मुदत आणि क्लायंटचा हंगाम एकत्र बघा

तुमचा प्रश्न असा समजलो: नाशिकमधल्या छोट्या व्यावसायिकांच्या साईट तुम्ही एकटे सांभाळता. बऱ्याचशा पीएचपी (साईट सर्व्हरवर चालवणारी भाषा) ८.१ वर आहेत, काही ७.४ वर, आणि एका संस्थेची जुनी साईट अजून ५.६ वर. नवी आवृत्ती आली की लगेच जायचं, की होस्टिंगवाला सक्ती करेपर्यंत थांबायचं?

माझं मत, दोन्ही करू नका. नवी आवृत्ती कधी आली ही तारीख तुमच्या कामाची नाही. तुम्ही वापरताय तिच्या सुरक्षा दुरुस्त्या कधी थांबतात ती तारीख घ्या, तिथून मागे मोजत या, आणि त्या क्लायंटच्या धंद्यातला सर्वांत निवांत महिना गाठा. अपग्रेड त्या महिन्यात.

पीएचपीची नवी आवृत्ती दरवर्षी साधारण नोव्हेंबरात येते. सध्याच्या धोरणानुसार पहिली दोन वर्षं सगळे दोष दुरुस्त होतात, पुढची दोन फक्त सुरक्षेचे. ७.४ चा आधार २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला, ८.१ चा ३१ डिसेंबर २०२५ ला. ८.२ ला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे, ८.३ ला २०२७ अखेरपर्यंत, ८.४ ला २०२८ अखेरपर्यंत. म्हणून ८.१ वरून ८.२ वर जाण्यात काही अर्थ नाही, वर्षभरात पुन्हा तेच काम. थेट ८.४ धरा. ८.५ नोव्हेंबर २०२५ मध्ये आली आहे, पण क्लायंटच्या साईटवर मी कायम एक आवृत्ती मागे राहतो. प्लगिन आणि लायब्ररीवाल्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो, तो त्यांना मिळू द्यावा.

तुमची स्वतःची व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) असेल तर एक सवलत आहे. उबुंटू २२.०४ (सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली) सोबत आलेली ८.१ असेल, तर तिच्या सुरक्षा दुरुस्त्या उबुंटू एप्रिल २०२७ पर्यंत स्वतः देते. तिथे धावपळ नको. बाहेरच्या रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या भांडारातून) घातलेल्या पीएचपीला मात्र हे लागू नाही.

आता हंगाम. नाशिकमध्ये ही गोष्ट इतर कुठल्याही तांत्रिक मुद्द्यापेक्षा महत्त्वाची आहे. द्राक्ष निर्यातदाराच्या साईटला जानेवारी ते एप्रिल हात लावायचा नाही, त्याचं काम पावसाळ्यात उरका. येवल्याच्या पैठणीवाल्यांना आषाढ किंवा पितृपक्ष बरा. सराफ बाजारातल्या पेढीला अधिक मास निवांत असेल असं समजू नका. लग्नं नसतात, पण जावयाच्या वाणासाठी चांदीची खरेदी जोरात असते. पंचवटीतल्या हॉटेल आणि धर्मशाळांच्या बुकिंग साईटसाठी तर सिंहस्थाचं वेळापत्रकच समोर ठेवा: ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. या साईट ध्वजारोहणाच्या बऱ्याच आधी ८.४ वर गेल्या की पूर्ण पर्वकाळ आवृत्ती बदलायची वेळ येत नाही.

होस्टिंगवाल्याची वाट का बघू नये? आमच्या एका ग्राहकाच्या होस्टिंग कंपनीने ऐन लग्नसराईत, एका मेलची सूचना देऊन, सगळ्या खात्यांची आवृत्ती बदलली. बुकिंगचा फॉर्म दिसत होता, भरता येत होता, फक्त नोंदी डेटाबेसमध्ये जात नव्हत्या. तारीख दुसऱ्याने ठरवली की असं होतं.

आणि ७.४ वर निश्चिंत बसलेल्यांसाठी: जून २०२४ मध्ये विंडोजवर सीजीआय पद्धतीने (वेब सर्व्हर पीएचपीला वेगळा प्रोग्राम म्हणून चालवतो ती) चालणाऱ्या पीएचपीत गंभीर भगदाड सापडलं. दुरुस्ती ८.१.२९, ८.२.२० आणि ८.३.८ मध्ये आली. ७.४ आणि ८.० मध्येही तेच भगदाड होतं, त्यांना दुरुस्ती मिळाली नाही. काही दिवसांतच रॅन्समवेअरवाले (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारे) त्यातून आत शिरू लागले. सातपूर-अंबडकडे अनेक कारखान्यांत बिलिंग अजून विंडोजवरच्या झॅम्पवर (वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारा संच) चालतं, आणि ते कुणाच्याच यादीत नसतं. तुमच्या क्लायंटना हे आवर्जून विचारा.

७.४ वरून ८.४ ही उडी मोठी आहे, इथे जपून. ८.० पासून शून्य आणि साधा मजकूर यांची सैल तुलना (==) खोटी ठरते, आधी खरी ठरायची. त्यामुळे एरर न येता किंमत किंवा सवलत चुकते, आणि हेच सर्वांत धोकादायक. रिकाम्या नलवर (किंमतच नसलेल्या व्हेरिएबलवर) काउंट म्हणजे मोजणी केली की पूर्वी इशारा यायचा, आता पान बंद पडतं. ८.१ पासून मायएसक्यूएलआय (पीएचपीला मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारं एक्स्टेन्शन) चुकीच्या क्वेरीवर थेट एक्सेप्शन (कोड तिथेच थांबवणारी एरर) फेकतं. जुन्या कोडमध्ये ‘निकाल आला नाही तर पुढे जा’ असं लिहिलेलं असतं, तो भाग आता गाठलाच जात नाही. ८.२ पासूनच्या डायनॅमिक प्रॉपर्टीच्या (क्लासमध्ये आधी न लिहिलेल्या प्रॉपर्टीच्या) सूचना नुसत्या सूचना आहेत. त्या लॉगमध्ये जाऊ द्या, स्क्रीनवर नको, नाहीतर जेसनच्या (ॲपला डेटा पाठवायच्या साच्याच्या) उत्तरात मिसळून मोबाईल ॲप बिघडवतात.

आधी कंपोजरला (पीएचपीची पॅकेजेस सांभाळणाऱ्या साधनाला) ‘व्हाय-नॉट’ आज्ञेने विचारा की कोणतं पॅकेज ८.४ ला अडवतंय. मग पीएचपीस्टॅन (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं साधन) चालवा. आयनक्यूबने (कोड लपवणाऱ्या साधनाने) कुलूपबंद केलेला एखादा प्लगिन असेल तर आधी विक्रेत्याकडून नव्या आवृत्तीची फाईल मिळवा, ती येईपर्यंत तारीख ठरवूच नका. मग स्टेजिंगवर (साईटच्या चाचणीच्या प्रतीवर) खरा डेटा घेऊन ऑर्डर, पेमेंट गेटवेचा कॉलबॅक (पैसे आल्याचा निरोप), पीडीएफ बिल आणि मेल, एवढं हाताने करून बघा. होमपेज उघडलं म्हणजे साईट चालली असं नव्हे.

सीपॅनलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण पॅनलमध्ये) आवृत्ती बदलताना तीन गोष्टी हमखास निसटतात. एक्स्टेन्शन प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी निवडावी लागतात. एमबीस्ट्रिंग (एकापेक्षा जास्त बाइटची अक्षरं हाताळणारं एक्स्टेन्शन) राहिलं तर मराठी साईटला लगेच फटका बसतो, कारण देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि मजकूर कापणारं सगळं काम त्याच फंक्शन्सवर असतं. अपलोडची मर्यादा मूळच्या २ एमबीवर परत येऊ शकते, मग क्लायंट फोन करतो की फोटो चढत नाहीत. आणि क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं)! साईट ८.४ वर गेली तरी क्रॉनमधला पाथ जुन्याच पीएचपीकडे बोट दाखवत राहतो. रात्रीचा रिपोर्ट दोन-तीन दिवस तपासा.

बदल सकाळी करा, आठवड्याच्या सुरुवातीला. शुक्रवारी संध्याकाळी नको. जुनी आवृत्ती सर्व्हरवर आठवडाभर तशीच राहू द्या, म्हणजे परतायचं झालं तर एका क्लिकचं काम.

पैशांचं म्हणाल तर हे काम फुकट करू नका. एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारातच लिहा की दर दोन वर्षांनी आवृत्ती बदलली जाईल आणि त्याचे वेगळे पैसे लागतील. क्लायंटला ‘नवी आवृत्ती वेगवान आहे’ असं सांगू नका, त्याला त्याचं काही नसतं. ‘या तारखेनंतर भगदाड सापडलं तर बुजवणारं कुणी नाही’ हे त्याला कळतं.

राहिली ती ५.६ वाली. तिच्या कोडमध्ये मायएसक्यूएलची जुनी फंक्शन्स असणार, ती ७.० मध्येच काढून टाकली आहेत. तिला अपग्रेड करण्यात वेळ घालवू नका. संस्थेला विचारा, त्या साईटवर कुणी काही भरतं का? नुसती माहिती आणि जुने फोटो असतील तर सगळी पानं एचटीएमएल करून ठेवा आणि पीएचपी काढून टाका. फॉर्म असेल तर तेवढाच भाग ८.४ वर नव्याने लिहा. आणि हे सगळ्यात आधी करा, कारण एकाच खात्यावर बाकीच्या साईट असतील तर त्या सगळ्यांना धोका तिच्यामुळेच आहे.